दोघांचा वीकेंड, समुद्र की डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की हे प्रश्न यायला लागतात आणि फेब्रुवारीत तर रोजच. बहुतेक प्रश्न मुंबई-पुण्याच्या जोडप्यांचे, त्यामुळे उत्तरंही तिथून निघणाऱ्यांच्या हिशोबाने आहेत. जिथे एक मुद्दा दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आलाय तिथे तसा नंबर दिलाय, म्हणजे तेच तेच वाचायला नको.

१. समुद्र की डोंगर, हेच ठरत नाहीये. सुरुवात कुठून करू?

ठिकाणाच्या नावापासून करूच नका. आधी दोघांनी बसून हे बोला की तिथे पोचल्यावर दिवसभर करायचं काय. झोप काढायची, खायचं, संध्याकाळी लांबवर चालायचं असं असेल तर समुद्र, कारण तिथे काहीही न करता दिवस छान जातो. डोंगरात मात्र काहीतरी करावं लागतं, चढायचं, फिरायचं, नाहीतर निदान धुकं, पाऊस, थंडी तरी हवी. एप्रिलच्या दुपारी उघड्या माळावरच्या कॉटेजमध्ये बसून दोघंही चिडचिडे होतात हे मी खूप जणांकडून ऐकलंय. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. माझं मत स्पष्ट आहे, ठिकाण कुठलंही निवडा पण ते योग्य वेळी निवडा, साधं गाव बरोबर वेळेला गाठलं तर ते नावाजलेल्या जागेपेक्षा कितीतरी जास्त देतं. महिन्यांचं प्रश्न ३ मध्ये, तिथीचं प्रश्न ५ मध्ये.

२. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत यायचंय. किती लांब जावं?

एका बाजूला चार-साडेचार तास, बास. त्यापुढे गेलात की वीकेंड गाडीतच संपतो. पुण्याहून ताम्हिणी-माणगाव करत दिवेआगर साधारण १६० किलोमीटर, म्हणजे याच हिशोबात बसतं. मुंबईहून अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरुड आरामात. भंडारदरा दोन्हीकडून जमतं. दापोली मुंबईहून थोडं ताणून होतं पण मग शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी काढा. तारकर्ली-मालवण मुंबईहून पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, ते गाडीने दोन रात्रींत करू नका, रात्रीच्या ट्रेनने गेलात आणि सोमवार जोडून घेतलात तर ठीक.

आणि हो, शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघणं म्हणजे मुंबई सोडायलाच दोन तास. शनिवारी पहाटे पाचला निघालेलं कधीही चांगलं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईतून पेण-अलिबागकडे जाणं बरंच सोपं झालंय, टोल लागतो पण वाशी-पनवेलचं ट्रॅफिक वाचतं.

३. कुठल्या महिन्यात कुठे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनारा, डोळे झाकून. हवा कोरडी, रात्री गारवा, समुद्र शांत. याच दिवसांत महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी असते आणि नाशिककडे जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोडणी चालू असते, गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरीजमध्ये संध्याकाळ छान जाते. मार्चपासून दमटपणा वाढतो पण एप्रिल-मेमध्ये हापूस, ताडगोळे, फणस, जांभळं असं सगळं मिळतं, तेव्हा खाण्यासाठी जायचं असेल तर जा, फक्त खोलीत एसी आहे का ते विचारा. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा काजव्यांचा (प्रश्न ९). जुलै-ऑगस्ट घाटमाथा. सप्टेंबरात कासचं पठार, २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तिथे गर्दी प्रचंड वाढलीये, ऑनलाइन बुकिंग करूनच जा आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच, आठवड्याच्या मधल्या वारी तेच पठार वेगळंच वाटतं.

४. अलिबाग, काशीदला जत्रा असते. शांत किनारा सांगा ना.

आंजर्ले. हे माझं पहिलं उत्तर असतं आणि कायम राहील. दापोली तालुक्यात हर्णैच्या पलीकडे, खाडी ओलांडली की लांबलचक किनारा, मागे सुरूची झाडं, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारे अरुंद रस्ते. कड्यावरच्या गणपतीला सकाळी लवकर जा, वरून आख्खा किनारा आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, होड्या किनाऱ्यापर्यंत येत नाहीत म्हणून बैलगाड्या थेट पाण्यात घालून मासळी उतरवतात, वाळूवर टोपल्यांचे ढीग, बायकांचा जोरजोरात भाव चाललेला, कोळंबी, पापलेट, सुरमई सगळं डोळ्यासमोर. वास मात्र जबरदस्त असतो, ज्याला सहन होत नाही त्याला ओढत नेऊ नका.

आंजर्ल्याच्या वर केळशी, ते अजून शांत. श्रीवर्धनच्या बाजूला दिवेआगर आता बऱ्यापैकी भरतं, पण गावात राहिलात तर चालतं. गुहागरचा किनारा गावाला लागूनच आहे आणि सकाळी जवळपास रिकामा असतो, हेदवी-वेळणेश्वरही जवळच. खाली सिंधुदुर्गात भोगवे, निवती. अलिबागच्या बाजूलाच राहायचं असेल तर मुख्य बीच सोडा, आक्षी किंवा रेवदंडा बघा.

५. भरती-ओहोटीचं बघून जायचं म्हणजे काय? ॲप लागतं का?

ॲप आहेत पण कालनिर्णय पुरतं. किनाऱ्यावरचे लोक पूर्वीपासून एक साधा हिशोब वापरतात, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. पंचमी असेल तर पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, प्रत्यक्षात मुंबई-रायगडकडे बाराच्या आसपास धरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, आकडा एक पासूनच मोजायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, पाण्यात उतरायचं किंवा किल्ल्यावर चालत जायचं असेल तर गावात विचाराच.

आता दोघांच्या वीकेंडला याचा उपयोग काय? पौर्णिमेच्या आसपास गेलात की दुपारी बाराला भरती येऊन जाते आणि सूर्यास्ताच्या वेळी पूर्ण ओहोटी असते, म्हणजे ओली घट्ट वाळू, चालायला रुंद किनारा, समोर सूर्य बुडतोय आणि त्याच सुमाराला पाठीमागे माडांवरून चंद्र वर येतोय. हे वर्षातून बाराच वेळा होतं आणि त्यासाठी जास्तीचे पैसे लागत नाहीत! उलट अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहाला पाणी वर आलेलं असतं, अरुंद किनाऱ्यावर चालायला जागाच उरत नाही, मग सकाळी उशिरा किंवा दुपारी फिरा.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो, पण पाणी परत यायच्या आत निघायचं असतं, आत फोटो काढत रेंगाळलेले लोक अडकतात. मालवण-गोव्याकडे भरती यापेक्षा थोडी आधी येते, आणि तिथे पाण्याची चढउतारही मुंबईपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे तिकडे या हिशोबाचा फार ताण घेऊ नका.

६. गाडी नाहीये आणि दोघांनाही चालवता येत नाही. मग?

मग तर मजा जास्त. गेटवेवरून मांडव्याला बोट, तासाभरात पलीकडे, बऱ्याच बोटींच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागची बस असते. बोटीवरचा तो तास हाच ट्रिपचा छान भाग असतो. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो पण आहे, त्यात गाडीसकट जाता येतं.

डोंगर हवा असेल तर माथेरान. नेरळपर्यंत लोकल, पुढे टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून आत गाड्यांना बंदीच आहे, त्यामुळे गाडी नसलेल्यांचं तिथे काहीच अडत नाही. नेरळहून छोटी रेल्वेगाडीही (टॉय ट्रेन) आहे, १९०७ पासूनची, पावसाळ्यात नेरळपासूनचा टप्पा बंद ठेवतात पण अमन लॉजपासूनची शटल चालू असते. लाल मातीत पाय भरतात, पांढरे बूट नकोत. पश्चिम उपनगरात राहत असाल तर डहाणू लोकलने केळवे किंवा डहाणू-बोर्डी, चिकूच्या वाड्या आणि शांत किनारा.

लांब जायचं असेल तर कोकण रेल्वे. दापोलीसाठी खेड, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, मालवणसाठी कुडाळ. तिकीट ६० दिवस आधी उघडतं आणि लाँग वीकेंडचं लगेच संपतं, गजर लावून बसा. स्टेशनवरून रिक्षा करावी लागते, ती होमस्टेवाल्यांनाच सांगून ठेवा म्हणजे भावावरून घोळ होत नाही.

७. रिसॉर्ट घ्यावं की घरगुती होमस्टे?

एकांत पाहिजे तर रिसॉर्ट किंवा वेगळं कॉटेज, जेवण पाहिजे तर घरगुती. कोकणातल्या घरगुती सोयीत जे ताटात येतं ते हॉटेलात मिळत नाही, सकाळी गरम घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तळलेले बोंबील, सोलकढी, आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तर तेही. पण त्या घरात काका-काकू असतात, नातवंडं असतात, भिंत पातळ असते, रात्री दहाला अंगणातला दिवा बंद होतो. काकू मायेने चौकशी करणार, कुठले तुम्ही, लग्नाला किती वर्षं झाली, ज्यांना हे आवडतं त्यांना खूपच आवडतं.

फोनवर हे नक्की विचारा: खोली घराच्या आत आहे की वाडीत वेगळी, बाथरूम जोडून आहे का, गरम पाणी कधी, किनारा चालत किती मिनिटं (“बीच टच” लिहिलेलं असलं तरी), आणि शनिवारी त्याच आवारात मोठा ग्रुप आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वीस जणांचा ऑफिस ग्रुप आणि त्यांचा स्पीकर शेजारी असेल तर कुठलंही ठिकाण रोमँटिक राहत नाही. पवना धरणाकाठच्या टेंटमध्ये तर हे हमखास होतं, म्हणून दोघांसाठी मी पवना कॅम्पिंग सुचवतच नाही, निदान शनिवारी तरी नाही.

८. मला समुद्र पाहिजे, नवऱ्याला डोंगर. भांडण मिटवा.

दापोली. गाव उंचावर, हवा थंड, मुरुड (हे दापोलीचं, काशीदजवळचं नाही)-कर्दे-हर्णैचे किनारे खाली थोड्याच अंतरावर. दुसरं म्हणजे आंबोली आणि वेंगुर्ला, तीन रात्री असतील तरच, आंबोलीत धुकं आणि हिरण्यकेशीचा उगम, मग सावंतवाडीमार्गे घाट उतरला की वेंगुर्ला, शिरोडा. कोल्हापूर-बेळगावच्या लोकांना तर हे अगदी हाताशी आहे.

९. काजवे बघायला दोघंच गेलो तर चालेल का? नक्की कधी?

चालेल, आणि जाच. भंडारदऱ्याच्या बाजूला, रतनवाडी, घाटघर, पुरुषवाडी या भागात पहिला वळीव पडून गेला की सुरू होतं आणि मोठा पाऊस लागला की संपतं, म्हणजे ढोबळमानाने मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. इथे प्रश्न ५ च्या उलटं करायचं, पौर्णिमा टाळायची आणि अमावास्येच्या जवळची रात्र धरायची. आख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं, शेजारचं झाड थोड्या वेळाने, मग पूर्ण उतारावर ते सरकत जातं.

तो प्रकाश म्हणजे काजव्यांची एकमेकांना बोलावण्याची खूण असते, नर-मादी त्यावरूनच एकमेकांना शोधतात. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश पडला की त्यांचं ते सगळं बिघडतं, म्हणून गाडी लांब लावा, दिवे बंद करा आणि अंधारात उभे राहा, दहा मिनिटांत डोळे सरावतात. हा भाग अभयारण्याचा आहे, वनखात्याचे नियम आणि वेळा पाळा. शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते, गुरुवार जमला तर बघा. मुक्काम गावातच करा म्हणजे रात्री घाटातून गाडी चालवावी लागणार नाही. नेटवर्क मिळेलच असं नाही, रोख पैसे ठेवा.

१०. पावसाळ्यात समुद्रावर जाणं वेडेपणा आहे का?

वेडेपणा नाही, पण बघण्यापुरतंच जायचं. पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर सुद्धा नाही. बोटी, वॉटर स्पोर्ट्स बंद, जंजिरा-सिंधुदुर्ग या पाण्यातल्या किल्ल्यांवर जाता येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते त्यामुळे ताज्या मोठ्या मासळीची आशा ठेवू नका, खाडीचं काहीतरी किंवा सुकट-बोंबील. त्या बदल्यात काय मिळतं तर कौलांवरचा पाऊस, भातलावणी चाललेली खाचरं, रिकामे किनारे आणि कमी झालेले भाव. दोघांना खोलीत बसून पुस्तकं वाचायला आवडत असेल तर यासारखं सुख नाही.

घाटरस्त्यांचं मात्र निघायच्या दिवशी सकाळी बघा. वरंधा, ताम्हिणी अशा ठिकाणी दरडी येतात, रस्ते बंद होतात, आणि धबधबे-धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश असतात.

११. लग्न झालेलं नाही. रूम देतील का? पोलिसांचा त्रास?

दोघंही सज्ञान असाल तर एकत्र खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही, मद्रास उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलंय. पण हॉटेलवाला स्वतःचा नियम लावू शकतो आणि लावतात, “फॅमिली ओन्ली” किंवा “लोकल आयडी चालणार नाही” (म्हणजे त्याच गावचा पत्ता असलेलं ओळखपत्र). म्हणून बुक करण्याआधी फोन करून सरळ विचारा, आम्ही अविवाहित आहोत, चालेल ना, आणि होकार मेसेजवर घ्या. दारात जाऊन रात्री नऊला नकार ऐकण्यापेक्षा हे बरं. दोघांचंही आधार किंवा लायसन्स सोबत ठेवा, पॅन कार्डवर पत्ता नसतो म्हणून ते घेत नाहीत.

छोट्या गावातल्या घरगुती सोयींमध्ये नकार जास्त येतो. त्यांचं घर आहे, तिथे वाद घालू नका, दुसरीकडे बघा. खोटं मंगळसूत्र वगैरे सल्ले मिळतात ते मला अजिबात पटत नाहीत, दोन दिवस कोणीतरी विचारेल या धास्तीत राहायचं असेल तर जायचं कशाला.

१२. आम्ही दोघी मुली आहोत, जोडपं म्हणून. काय काळजी घ्यावी?

दोघी मैत्रिणी म्हणून सहसा कोणी काही विचारतच नाही, दोघा मुलांनाही नाही. अडतं ते डबल बेडच्या खोलीवरून किंवा ॲनिव्हर्सरीची सजावट मागितल्यावर. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींमधलं असं नातं गुन्हा नाही, पण स्वागत कसं होईल ते मालकावर असतं. मोठी हॉटेलं, किंवा दक्षिण गोव्यातले जुने गेस्टहाऊस, इथे मोकळेपणा जास्त मिळतो. बाकी आयडी वगैरे प्रश्न ११ प्रमाणेच.

१३. गोवा दोघांसाठी जास्तच कॉमन झालंय का?

कुठला गोवा यावर आहे. कळंगुट-बागा शनिवारी टाळा. दक्षिणेत आगोंद, पाळोळे, गालजीबाग, किंवा उत्तरेत मांद्रे, केरी. आगोंदला रात्री किनाऱ्यावर दिवे-आवाज कमी असतात कारण तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. स्कूटर भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, खासगी गाडी भाड्याने घेतली आणि पकडलं तर दंड भरत बसाल.

१४. तो मासे खातो, मी शुद्ध शाकाहारी. कोकणात माझे हाल होतील?

अजिबात नाही. गुहागर, दिवेआगर, गणपतीपुळे, केळशी इथे पूर्ण शाकाहारी घरगुती खानावळी आहेत. डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फदफदं, आमटी-भात, वर मोदक. तुमच्यापेक्षा त्याचीच पंचाईत होईल, कारण अशा घरात मासे बाहेरूनही आणू देत नाहीत.

१५. गाडी थेट वाळूवर नेली तर? सगळे नेतात, रीलमध्ये छान दिसतं.

नेऊ नका. कोरडी वाळू ओलांडली की खाली मऊ गाळ लागतो, चाक रुततं, जितकं ॲक्सिलरेटर दाबाल तितकं खाली जातं, आणि पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. दापोली-मुरुडच्या किनाऱ्यांवर हे दर सुट्टीत होतं, मग ट्रॅक्टर बोलवा, इंजिनात खारं पाणी, आणि पोलिस गुन्हा दाखल करतात तो वेगळाच. वेळास-आंजर्ल्याकडे त्याच वाळूखाली कासवांची अंडी असतात. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर मार्चच्या आसपास वेळासला जा, सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, पण त्या दिवशी निघतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि राहण्याची सोय अगदी साधी असते.

१६. बायकोला सरप्राइज द्यायचंय, काहीच न सांगता नेऊ का?

ठिकाण लपवा, बाकी काही लपवू नका. किती रात्री, थंडी की ऊन, चालायचं किती, पाण्यात उतरायचंय का, हे सांगा म्हणजे तिला बॅग नीट भरता येईल. पाळीच्या तारखा तिला विचारा, त्या गृहीत धरू नका. आणि लहान मूल आजीकडे ठेवून जाणार असाल तर तिचं मन निम्मं घरीच असणार, अशा वेळी पहिली ट्रिप दोन तासांच्या आत आणि एकाच रात्रीची करा, जिथून रात्रीसुद्धा परत येता येईल.

१७. ऐनवेळी रद्द करावं लागलं तर ॲडव्हान्स परत मिळतो का?

घरगुती ठिकाणी बहुतेकदा परत मिळत नाही पण तारीख बदलून देतात, निदान दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर नक्कीच. नाताळ-न्यू इयर आणि लाँग वीकेंडला तेही विसरा. ॲडव्हान्स पाठवताना ज्याला फोनवर बोललात त्याच्याच नावाचं यूपीआय येतंय का बघा, गावातल्या हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर टाकून पैसे उकळणारे खूप झालेत, शंका आली तर व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा, खरा मालक लगेच दाखवतो. आणि घाट बंद झाला म्हणून जाता येत नसेल तर त्यांना सकाळीच कळवा, दुपारच्या जेवणाची मासळी ते तुमच्यासाठी आठ वाजता घेतात.